एक येझदी, एक डबा आणि मानेवाड्यातलं एक अंगण: हौशी दुरुस्तीचं प्रकरण

ही गोष्ट नागपूरच्या माझ्या भाऊजींची आहे. नावं कोणाचीच देत नाही, गॅरेजवाल्यांचीही नाही, कारण त्यातल्या दोघांशी आमचं अजून येणंजाणं आहे. भाऊजी ५४ वर्षांचे, नोकरी टेबलाची, हात मात्र कायम पाना-पेचकसावर. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. भाचा तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. माझं काम वहीचं, रोजचा खर्च आणि कोणत्या दिवशी काय ठरलं ते लिहून ठेवणं, आणि त्या वहीमुळेच हे इतकं तपशिलात सांगता येऊन राहिलं, नाहीतर भाऊजींच्या आठवणीत सगळं काम "दोन-तीन महिन्यात" झालं होतं. खरं म्हणाल तर १३ महिने लागले.

पार्श्वभूमी

गाडी होती १९७९ ची येझदी २५०, भाऊजींच्या वडिलांची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीत १९६१ पासून जावा बनायच्या, मग ७० च्या दशकात त्याच गाड्यांवर येझदी नाव आलं, आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. टू-स्ट्रोक, सिलिंडर एकच पण सायलेन्सर दोन, किक आणि गिअर एकाच दांड्याचे. बाबांनी २००४ पर्यंत चालवली, मग जिन्याखाली ताडपत्री टाकून ठेवली ती तशीच राहिली. बाबा २०११ ला गेले. ताडपत्री बदलत राहिली, गाडी तिथंच.

दुसरी वस्तू म्हणजे डबा, गाडीमागे ओढायचा ट्रेलर. नागपूरजवळ वाडीला एका बोअर-ड्रिलिंग कंत्राटदाराच्या यार्डात भाऊजी कोणाच्या तरी डिझेल जनरेटरसाठी गेले आणि तिथं त्यांना हा दिसला. १२ फूट लांब, साडेसहा फूट रुंद, एक एक्सल म्हणजे दोनच चाकं, कमानीचे पाटे, आत झोपायचे दोन बंक, एक सिंक, काचेच्या पट्ट्यांची खिडकी. साइटवर ड्रिलिंगची पोट्टी झोपायची तो डबा. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लाय, मध्ये लोखंडी अँगलचा सांगाडा. ३८,००० ला सौदा झाला, २०२३ च्या दिवाळीनंतर लगेच.

कल्पना अशी होती की डबा जीपमागे लावायचा, येझदी डब्याच्या मागच्या बाजूला रॅकवर टांगायची आणि खिंडसी, पेंच, तोतलाडोहच्या बाजूला सुट्टीत जायचं. भाऊजींनी त्याचं चित्रही काढलं होतं, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला. दोन्ही मिळून बजेट एक लाख. ताईनं चित्र पाहिलं आणि एवढंच विचारलं, "अन् हे ठेवणार कुठं?"

नेमकी अडचण

अंगण एक, त्यात दोन कामं, दोन्ही उघडी. ही पहिली अडचण, आणि ती पहिल्या आठवड्यातच दिसायला पाहिजे होती. डबा आला हायड्रा क्रेननं उचलून ट्रकवर, ६,५०० रुपये लागले, आणि तो अंगणात बसल्यावर येझदी जिन्याखालून बाहेर काढायलाच जागा उरली नाही, म्हणून ती समोरच्या खोलीत आली. म्हणजे चार महिने ताईकडे पाहुणा आला की सोफ्यावर बसून क्रँककेस (इंजिनचं खालचं खोकं) पाहायचा.

दुसरी अडचण कागदांची. येझदीचं आरसी बाबांच्या नावानं, मुदत कधीची संपलेली. डब्याचं आरसी नाहीच. कंत्राटदार म्हणाला, आधीची कंपनी बंद झाली, कागद शोधून देतो. भाऊजींनी मानलं. ते "देतो" आजपर्यंत "देतो"च आहे.

तिसरी अडचण आम्हाला त्यावेळी अडचण वाटलीच नाही: कोणतं काम कोणत्या कामाच्या आधी करायचं हे कोणी ठरवलं नव्हतं. ज्या दिवशी जो कारागीर मोकळा, त्या दिवशी ते काम.

समोर कोणते पर्याय होते

डिसेंबरात आम्ही तिघं बसलो, मी, भाऊजी, भाचा. वहीत त्या रात्रीचे चार पर्याय आहेत. एक, आधी फक्त येझदी पूर्ण करायची, डबा झाकून ठेवायचा. दोन, आधी डबा. तीन, दोन्ही सोबत. चार, डबा परत विकून टाकायचा, पाच-सात हजार तोट्यात.

भाच्याचं मत पहिल्या पर्यायाला होतं, माझंही. भाऊजी म्हणाले, "पावसाळ्याच्या आधी डब्याचं छत झालं पाहिजे, नाहीतर आतला प्लाय जाईल." यात दम होता. नागपूरचा पाऊस जूनच्या मध्याला येतो आणि आला की सरळ येत नाही, आडवा मारतो. पण मग डबाच आधी घ्यायला हवा होता. झालं काय, तर तिसरा पर्याय निवडल्या गेला, म्हणजे खरं तर कोणताच नाही.

येझदी: टाकीपासून पिस्टनपर्यंत

टाकीत गंज होता, हलवली की खडखड वाजायची. गॅरेजवाले म्हणाले ॲसिड टाकू. भाच्यानं तिची जबाबदारी घेतली आणि गच्चीवर इलेक्ट्रोलिसिस केलं: टाकीत धुण्याच्या सोड्याचं पाणी, मधोमध एक लोखंडी सळई टाकीला कुठंही न टेकता टांगलेली, बॅटरी चार्जरची प्लस सळईला, मायनस टाकीला. दोन दिवस. सळईवर चॉकलेटी चिखल जमत गेला, ती दोनदा घासून पुन्हा लावली. स्टेनलेस स्टीलची सळई वापरायची नाही, त्यातून विषारी क्रोमियम सुटतं, आणि हायड्रोजन तयार होतो म्हणून हे घरात करायचं नाही. ताईनं गच्चीवरचे पापड दोन दिवस उचलून घेतले, तेवढीच तिची झळ.

इंजिन मोमीनपुऱ्यात एका चाचांकडे दिलं. सत्तरीचे, जावा-येझदीवर हात बसलेला माणूस. क्रँकची बेअरिंग, दोन्ही ऑइल सील, पहिला ओव्हरसाइज (मापानं थोडा मोठा) पिस्टन, त्यासाठी खरादवाल्याकडून बोअर म्हणजे सिलिंडर आतून मोठा करणं, सगळं मिळून १६,५००. वायरिंग ६ व्होल्टची ठेवायची की १२ ची करायची यावर आठवडाभर वाद झाला. या गाडीत स्पार्क बॅटरीवर चालतो, बॅटरी मेली की गाडी मेली, म्हणून भाचा १२ व्होल्ट म्हणत होता. भाऊजींना डायनॅमो ओरिजिनलच पाहिजे. शेवटी ६ व्होल्टच ठेवलं, नवीन बॅटरी, कॉइल, पॉइंट, वायरिंग ५,७००. मला विचाराल तर चुकीचं नाही, पण मग बॅटरी दर महिन्याला चार्ज करायची शिस्त लागते आणि ती या घरात फक्त ताईला आहे.

एप्रिलमध्ये गाडी सुरू झाली. पहिल्या आवाजाला शेजारचे तिघं बाहेर आले. पेट्रोलच्या लिटरला ५० मिली ऑइल, रनिंग-इन म्हणजे नवीन पिस्टन बसेपर्यंत म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला भाऊजी बेसा रोडनं निघाले, ऊन चाळीसच्या वर, आणि सहाव्या किलोमीटरला पिस्टन अडकला आणि मागचं चाक धरलं. नशीब त्यांचा हात क्लचवर होता.

इथं या प्रकरणातला सगळ्यात कामाचा निर्णय झाला आणि तो भाच्यानं घेतला. चाचा म्हणाले, "ऑइल कम डाला होगा साहब." खरादवाला म्हणाला, तुम्ही पळवली. दोघंही नवीन पिस्टन टाकायला तयार, पैसे आपले. भाचा म्हणाला, "मामा, आधी पिस्टन वाचू, मग टाकू." पिस्टन वाचणं म्हणजे ओरखडे कुठं आहेत ते पाहणं. ऑइल कमी पडलं तर सगळीकडे घासतं. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं तर साधारण एक्झॉस्टच्या बाजूला, जिथं सगळ्यात गरम, तिथं जळाल्यासारखं दिसतं. आपल्या पिस्टनवर चार कोपऱ्यांवर चार उभे पट्टे होते. म्हणजे पिस्टन सिलिंडरच्या आधी फुगला, बोअर टाइट होता. खरादवाल्यानं चांगुलपणानंच टाइट ठेवला होता, "टाइट चलेगा ज्यादा दिन" म्हणून. पण प्लग पांढरट निघाला होता, म्हणजे हवा जास्त जात होती, आणि ते टाइट बोअरनं होत नाही. ती गोष्ट भाच्याच्या डोक्यातून जाईना.

मग ताईचं बीपी मशीन उचलल्या गेलं. हसू नका, हे खरंच चालतं. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये पाच-सहा पीएसआय (दाबाचं माप) हवा भरून ती धरते का ते पाहतात, आणि बीपी मशीनचा काटा ३०० पर्यंत जातो, ते साधारण ५.८ पीएसआय होतं, बरोबर जेवढं पाहिजे तेवढं. चाचांकडून पिस्टन-सिलिंडर तात्पुरतं परत बसवून घेतलं, पिस्टन खाली आणला, दोन्ही एक्झॉस्ट सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यांनी बंद केले, कार्ब्युरेटर जागेवर ठेवून त्याचं तोंड रबरानं झाकलं, बारक्या नळीनं हवा भरली आणि जोडांवर साबणाचं पाणी लावलं. सील ठणठणीत. बुडबुडे आले कार्ब्युरेटरच्या फ्लँजला, म्हणजे तो जिथं बोल्टनं बसतो त्या चपट्या कडेला. आधीच्या कोणीतरी बोल्ट इतका आवळला होता की फ्लँज वाकडी झाली होती आणि तिथून हवा ओढत होती. जाड काचेवर एमरी पेपर ठेवून ती अर्धा तास घासली, सपाट झाली. खर्च दहा रुपये. दुसरा ओव्हरसाइज पिस्टन, पुन्हा बोअर, गॅस्केट मिळून ४,८००. यावेळी खरादवाल्याला पिस्टन हातात देऊन, मापून, गॅप किती ते वहीत लिहून घेतलं.

भाच्यानं प्लगचा रंग मनावर घेतला नसता तर नवीन पिस्टनही गेला असता. चाचांनी नंतर ते बीपी मशीन हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिलं. आता त्यांच्याकडे एक आहे.

टायर, ब्रेक शू, केबल ७,०००, रंग आणि क्रोम ९,०००. यात सांगण्यासारखं विशेष नाही.

डबा: सांगाडा, पत्रा, पाणी

डब्याचं पहिलं काम एक्सलचं झालं, कारण जानेवारीत कमानीवाला मोकळा होता. पाटे, हब, बेअरिंग, दोन टायर, २१,०००. जुन्या टायरवर ३५०९ छापलं होतं, म्हणजे २००९ सालचा ३५ वा आठवडा, त्यामुळे टायर बदलणं बरोबरच होतं. पण कागद नसलेल्या ट्रेलरला नवीन टायर कशाला, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही. मीही नाही. वहीत फक्त आकडा आहे.

मग आतला प्लाय उघडला. खालच्या दीड फुटात उधई, आणि जमिनीचा अँगल तर पेचकस टोचला की आरपार. बाहेरच्या पत्र्यावर प्रत्येक स्क्रूभोवती पांढरी भुकटी. ॲल्युमिनियममध्ये लोखंडी स्क्रू, वर पावसाचं पाणी, की दोन धातूंची आपसात बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणून नवीन काम करताना ॲल्युमिनियमचे पॉप रिव्हेट वापरले आणि अँगल व पत्रा यांच्यात प्रायमर आणि रबरी पट्टी दिली. वेल्डिंग करताना एक शहाणपणा आम्ही नकळत केला, सगळा पत्रा एकदम न काढता एकेक बाजू काढली, नाहीतर सांगाडा पसरला असता. वेल्डिंग १२,०००.

त्याच दिवसांत भाच्यानं चित्राचा हिशोब मांडला. डबा आणताना ट्रक धरमकाट्यावर भरून आणि रिकामा असा दोनदा तोलला होता, डब्याचं वजन निघालं साडेसातशे किलोच्या आसपास. पुढच्या हुकवर किती वजन येतं ते घरच्या वजनकाट्यावर फळी टेकवून मोजलं, ३५ किलो. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के पुढच्या हुकवर पाहिजे, नाहीतर वेगात ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि पुढच्या गाडीलाही नाचवतो. आपलं पाच टक्केही नव्हतं. त्यात येझदी १४० किलोची, एक्सलच्या सात फूट मागं टांगणार, हुक दहा फूट पुढं. १४० गुणिले सात भागिले दहा, ९८ किलो हुकवरून कमी होणार. ३५ मधून ९८. म्हणजे डब्यानं जीपचा मागचा भाग वर उचलला असता. भाऊजी त्या कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पुढं टांगू मंग." पुढं टांगली की जीपचं दार उघडत नव्हतं. कॅलेंडर त्या दिवशी भिंतीवरून उतरलं.

आतल्या भिंतीत थर्मोकोल की ग्लासवूल यावरही चर्चा झाली. थर्मोकोल स्वस्त, पण जळतो आणि उंदीर त्यात घर करतात. ग्लासवूल अंगाला खाजतं आणि एकदा ओलं झालं की वाळत नाही. नागपूरच्या मे महिन्यात बंद पत्र्याच्या डब्यात भाचा दुपारी दोनला थर्मामीटर ठेवून आला आणि तो थर्मामीटर ५० पर्यंतचाच होता, तर काटा शेवटाला. थर्मोकोल घातला, वर मरीन प्लाय, छताला पांढरा रंग. दोन्हीचे मिळून २४,००० (रंग सोडून).

आणि मग रंग. मेच्या शेवटी पेंटर मोकळा होता, पुन्हा तेच. छताच्या जोडावर जुना सीलंट खरवडून न काढता त्याच्यावरच खिडकीला लावतात ते साधं सिलिकॉन मारलं, वरून प्रायमर, क्रीम रंग, खाली निळा पट्टा. ८,०००. सुंदर दिसत होता, खोटं का बोला. २० जूनच्या रात्री पाऊस झाला आणि सकाळी आत दोन बंकांवर पाणी. सिलिकॉनवर रंग धरतच नाही, पापडासारखा सोलून निघाला, आणि एकदा सिलिकॉन लागलं की त्यावर दुसरा सीलंटही धरत नाही, आधी सगळं खरवडून, थिनरनं पुसून काढावं लागतं. ते काम तीन आठवडे चाललं, भाच्याचं आणि माझं, गुडघ्यावर. मग कारच्या काचा बसवणाऱ्याकडून पीयू सीलंट आणलं, पट्ट्यांखाली ब्युटाइल टेप लावली. पत्रा, रिव्हेट, टेप, सीलंट मिळून १७,०००. यावेळी रंगाच्या आधी भाऊजींनी पाइप धरून छतावर पाऊण तास पाणी मारलं आणि भाचा आत टॉर्च घेऊन बसला. एक कोपरा सापडला, तो भरला, पुन्हा पाणी. रंग दुसऱ्यांदा, ७,०००, तोही उशिरा कारण मारबतीच्या (पोळ्यानंतरच्या नागपूरच्या मिरवणुकीच्या) आठवड्यात पेंटर दिसलाच नाही.

कागद

येझदीचं काम सरळ होतं, फक्त लांब. मालक वारलेला, म्हणून फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकी वारसांचं संमतीपत्र. नंबर एमएच ३१ येण्याच्या आधीचा, रेकॉर्ड कॉम्प्युटरवर नव्हतं, म्हणून जुन्या आरसीवरून बॅकलॉग एन्ट्री. मग रजिस्ट्रेशन रिन्युअलचा फॉर्म २५, गाडी दाखवणं, ग्रीन टॅक्स, उशिराचा दंड. एजंट, स्टॅम्प पेपर सगळं धरून ११,४००. पीयूसीची सगळ्यात जास्त भीती होती, पण मार्च २००० च्या आधीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत चालतं. पहिल्यांदा फेल. एअर फिल्टर नवा टाकून, लिटरला ऑइल ५० चं ४० करून पुन्हा गेले, पास.

मध्ये कोणीतरी सल्ला दिला, व्हिंटेज करून घ्या. २०२१ च्या नियमानं ५० वर्षांवरची गाडी व्हिंटेजमध्ये जाते. पण १९७९ ची गाडी २०२९ ला पन्नाशीची होणार, नवीन नोंदणीची फी २०,०००, आणि व्हिंटेज नंबर लागला की रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. भाऊजींना तर भाजी आणायला जायचं होतं येझदीवर. पर्याय तिथंच खोडला.

डब्याचं काही सरळ नव्हतं. ट्रेलरलाही कायद्यानं स्वतःची नोंदणी लागते, जीपचं आरसी त्याला पुरत नाही. पुढच्या त्रिकोणी सांगाड्यावर रंग खरवडल्यावर चेसिस नंबर सापडला, अर्धा गंजलेला, शेवटचे तीन आकडे वाचता येईनात. ज्या कंपनीच्या नावानं तो असेल ती बंद. तीन रस्ते उरले: कंत्राटदाराच्या मागे लागून कागद मिळवायचे, शेतावर नेऊन एकाच जागी खोली म्हणून ठेवायचा, नाहीतर भंगार. एक चौथा रस्ता एका ओळखीच्यानं सुचवला, "ट्रॅक्टरमागे लावा अन् रात्रीतून न्या, कोण पाहते?" भाऊजी त्या दिवशी थोडे डळमळले, हे मी मुद्दाम लिहितो. विमा नाही, नोंदणी नाही, मागचा लाइट नाही, काटोल रोडवर रात्री एखादा मोटरसायकलवाला धडकला तर काय, एवढं ताईनं विचारलं आणि विषय संपला.

परिणाम

डिसेंबर २०२४ ला डबा पुन्हा हायड्रानं उचलून, ट्रकवर ठेवून, काटोलजवळ ताईच्या सासरच्या संत्र्याच्या बागेत गेला. ११,५०० रुपये. तिथं तो विटांवर बसवला आहे, चाकं हवेत. आता बागेत राखणीला जाणारा माणूस त्यात झोपतो, बहार धरायच्या दिवसात भाऊजी शनिवार-रविवार असतात. उन्हाळ्यात खिडकीला कूलर लावला आणि त्यातून एक नवीन गोष्ट कळली, समोरची खिडकी उघडी नसली तर ओल आतच राहते आणि दाराचा प्लाय फुगतो. दार आता थोडं घासून बसवलं आहे.

येझदी रोज चालते. पावसाळ्यात उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करून ठेवतात, कारण आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि टाकी पुन्हा गंजायला नको. पेट्रोलच्या कॉकचा बुच एकदा फुगून बसला होता, तो बदलला.

खर्च: येझदी ५४,४००, डबा १,४५,०००. एकूण १,९९,४००. म्हणजे बजेटच्या दुप्पट, फक्त ६०० कमी. भाऊजी अजूनही ते ६०० सांगतात.

वेगळं काय करता आलं असतं

वहीवरून पाहिलं तर वाया गेलेले पैसे सरळ दिसतात. एक्सल-टायरचे २१,०००, दुसऱ्या रंगाचे ७,०००, दुसऱ्या बोअरचे ४,८००. ३२,८००. बाकी वाढ ही वस्तूच तशी होती म्हणून, ती कोणी टाळू शकलं नसतं.

एक्सलचे पैसे कागद आधी मागितले असते तर वाचले असते. सौदा करतानाच "आरसी दाखवा, मग पैसे" असं म्हणायचं होतं, किंवा निदान "कागद नाही म्हणून २०,००० ला द्या". कागद नसलेला डबा हा खोली म्हणून ठीक आहे, पण मग खोलीच्या भावात घ्यायचा. भाऊजींना हे पटत नाही. ते म्हणतात त्या भावात तो दुसऱ्यानं नेला असता. असेल.

रंगाचं मात्र त्यांनाही पटतं. पाणी मारून पाहायला पाइप घरात होता, नळ अंगणात होता, आणि फुकट होतं. पेंटर मोकळा आहे म्हणून रंग मारला. वेल्डिंगनंतर लगेच, प्लाय लावायच्याही आधी, नुसत्या पत्र्यावर पाणी मारलं असतं तर थर्मोकोलही पुन्हा काढून वाळवावा लागला नसता.

बोअरबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ते ४,८०० वाया गेले म्हणतो खरं, पण गाडी त्या दिवशी बेसा रोडवर धरली नसती तर वाकडी फ्लँज कळली नसती, आणि ती कधीतरी वर्धा रोडवर साठच्या स्पीडला कळली असती. हवेची टेस्ट सुरुवातीलाच करायची, एवढं मी यातून लिहून ठेवलं आहे. बीपी मशीन लागतं, बाकी काही नाही.

दोन्ही कामं सोबत घेतली नसती तर वेळ वाचला असता का, यावर आमचं अजून एकमत नाही. भाच्याच्या मते सहा महिन्यात दोन्ही झाली असती, एकापाठी एक. भाऊजींच्या मते एकट्या डब्यावर ते फेब्रुवारीतच कंटाळले असते, येझदी सुरू झाली म्हणून तर जूनमध्ये पुन्हा डब्याच्या मागे लागले.

गेल्या महिन्यात काटोलचा एक जण बागेत आला होता, त्याला तो नवीन एक्सल चाकांसकट पाहिजे, ९,००० देतो म्हणाला. डबा विटांवर आहे, एक्सल काढला तरी काही पडत नाही. भाऊजी म्हणाले विचार करून सांगतो. त्याच रविवारी त्यांनी चारही नटांना ग्रीस लावलं आणि टायरमध्ये हवा भरली.